दातांच्या कारखान्यातलं हंटर

माझा धंदा कवळ्या करण्याचा. म्हणजे समोरचा माणूस तोंड वासून बसलेला, तोंडात मापाचं मेण, आणि मी बोलतोय. त्याला 'हं' म्हणता येतं, 'पुरे' म्हणता येत नाही. असा उभा जन्म काढल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय होणार! बायको म्हणते, तुमच्याकडे येणाऱ्याला दात नसले तरी चालतील, कान पाहिजेत.

आता धंदा मुलाने घेतला आणि माझ्यासमोर तोंड वासायला कुणी येत नाही. बरे सापडलात. बसा.

सत्तरनंतरची ती वर्षं. सांगलीत गावभागात पुढे माझं दुकान आणि मागे दात घडवायची खोली. रविवारी दुपारी त्या खोलीत आम्ही तिघं जमायचो, आणि काय करायचो? तर प्लास्टिकची लढाऊ विमानं! हसा. सगळी सांगली हसायची.

नाद मूळ अण्णांचा. अण्णा हळदीचे व्यापारी, जैन. पान नाही, सुपारी नाही, चहासुद्धा मोजून मापून. पण त्यांचा मेहुणा नैरोबीला. तो येताना खोकी आणायचा. आत विमानाचे सुटे भाग. कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बारीक कानशी, चिमटे, दातांचं ड्रिल माझ्याकडे, म्हणून कारखाना माझ्याकडे. तिसरे सपकाळ. हे एअरफोर्समध्ये खऱ्या विमानांच्या सांगाड्याचे फिटर होते. सार्जंट म्हणून रिटायर झाले आणि साखर कारखान्यात लागले. मूळचे कोरेगावकडचे, बोलणं अजून तिकडचंच.

पहिलं विमान हंटर. आता आमच्या भागात हंटर म्हणजे चाबूक. 'आमचे जावई रविवारी हंटर करत बसतात' असं सासूबाईंनी शेजारी सांगितलं, आणि शेजारचे तात्या मला गंभीरपणे विचारायला आले की, सर्कस काढताय का? सांगली म्हणजे सर्कसवाल्यांचाच मुलूख, तिथे सर्कस काढणं ही काही अगदीच अशक्य गोष्ट नव्हती म्हणा.

*

हंटरच्या पंखांखाली बॉम्ब लावायचे असतात. अण्णांनी अख्खं विमान जोडलं आणि बॉम्बशी येऊन हात आखडला. सपकाळ म्हणाले, "अण्णा, फायटर हाय ह्ये. देवाची पालखी न्हवं."

अण्णांनी हात पुसले. "विमान माझं. बॉम्ब तुमचे. पाप वेगवेगळं मांडायचं."

तेव्हापासून कायदाच झाला. बॉम्ब लावायची वेळ आली की अण्णा उठून पुढच्या दुकानात जाऊन बसायचे. एकदा तिथे बसल्या बसल्या त्यांनी माझ्या एका गिऱ्हाइकाला हळद विकली.

*

ते पहिलं हंटर पुरं झालं, आम्ही मोठ्या थाटात ते चाकांवर उभं केलं आणि हात काढला. काढताच ते शेपटीवर बसलं, नाक आढ्याकडे! उभं केलं, बसलं. उभं केलं, बसलं. अण्णा म्हणाले, उडायची तयारी करतंय बहुतेक. सपकाळांनी खोक्यातला कागद काढून वाचला. जोडायच्या आधी नाकात वजन घालायचं, असं पहिल्याच ओळीत छापलेलं होतं.

नाक तर चिकटवून बसलेलं. शेवटी मी ड्रिल घेतलं, पुढच्या चाकाच्या वर भोक पाडलं आणि दाढेत भरतो ते चांदीचं मिश्रण ठासून भरलं. दाढ भरून घेतलेलं ते जगातलं पहिलं विमान असावं.

*

सपकाळांचा एक जाच होता. विमानाचं पोट म्हणजे दोन अर्धी फोलं. ती जोडण्याआधी टेबलावरचं प्रत्येक हत्यार त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. एकदा त्यांची पाठ वळलेली असताना आम्ही घाईत जोडून टाकलं. गोंद वाळला आणि मग माझा बारीक चिमटा सापडेना. अण्णा म्हणाले, जाऊ दे, दुसरा घेऊ. सपकाळांनी सुरी घेतली आणि तयार विमान उभं चिरलं. आत काही नव्हतं. चिमटा माझ्या शर्टाच्या खिशात होता.

माझं डोकं असं फिरलं! खेळणं आहे ते, माणसं मरणार होती का त्यात, म्हणून मी ओरडलो. सपकाळ सुरी पुसत राहिले. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या तळावर एकदा एक टॉर्च विमानाच्या पोटात राहिली होती. वर गेल्यावर ती कुठेतरी अडकली आणि विमान वळेना. शेतात पडलं. दोघं होते आत.

"टॉर्च कुणाची होती?" अण्णांनी विचारलं.

"माझी न्हवती. माझ्या शेजारच्या फिटरची हुती. त्यो मग मेसमदी कुनाशेजारी बसून जेवला न्हाई."

त्या दिवसापासून पोट बंद करण्याआधी मीच ओरडायचो, थांबा, चिमटा दाखवा.

*

हा पुढचा किस्सा जेवताना सांगू नये. एक रिटायर मामलेदार माप देऊन गेले आणि कवळी न्यायच्या आधीच वारले. रविवार होता. मी पंख चिकटवून हातात दाबून धरलेला, तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. म्हणाला, वडिलांचं तोंड पार आत गेलंय, लोक दर्शनाला येणार, दात बसवून द्याल का? अशा वेळी नाही कसं म्हणायचं? पंख तसाच टेबलावर टाकून गेलो.

माप जिवंतपणाचं, तोंड मेलेलं. खूप खटपट करून बसवली. बसली, पण वरचा ओठ थोडा वर राहिला, आणि मामलेदार हसायला लागले. छान, प्रसन्न. बायका म्हणाल्या, कसे समाधानाने गेले बघा. मी हात धुऊन निघालो तर मामलेदारांच्या धाकट्या भावाने मला जिन्यात गाठलं.

"हा मनुष्य आयुष्यात आम्हाला बघून हसला नाही. हे तुम्ही बरं नाही केलंत."

परत आलो तर पंख वाकडा वाळलेला. फेकून द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. बरीच वर्षं ते विमान माझ्या फळीवर होतं, एका अंगाला कलून.

*

आता आबांचं सांगतो. आबा कोरेगावकडचे बागाईतदार, सपकाळांच्या भावकीतले. सपकाळच त्यांना दात करायला घेऊन आले. बरोबर आबांची सून होती, शालन. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात डब्याची पिशवी, आणि तोंडातून शब्द नाही. मी आबांच्या तोंडात मेण घातलं आणि नेहमीप्रमाणे बोलत सुटलो. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून ते फळीकडे बघत होते. मेण काढलं, तर दातांविषयी एक अक्षर नाही.

"त्ये हंटर हाय न्हवं?"

मी चाट पडलो. मोठमोठ्या शिकलेल्यांना मिग आणि हंटरमधला फरक कळत नाही. मग सपकाळांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आबांना एकच मूल, दिलीप. हंटर उडवायचा. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीपलीकडे गेला तो आलाच नाही. बरोबरच्या पायलटने त्याचं विमान अगदी खाली, धूर सोडत जाताना बघितलं. छत्री उघडलेली कुणी बघितली नाही. सरकारने कळवलं, लापता.

आबांनी ते ऐकलं असावं. मालकाने कुळाला तोडून बोलावं तसं ते सपकाळांना बोलले, "लापता म्हंजे पत्ता न्हाई. मेला म्हंजे मेला. दोन शब्द येगळं हायती. सरकारला मराठी येत नसंल, मला येतंय."

त्यांना दिलीपचं हंटर करून पाहिजे होतं. शेपटीवरचा नंबर त्यांना पाठ. आम्ही कामाला लागलो. तिरंग्याची गोल चक्रं पेनाच्या टोपणाने उमटवली. सपकाळांनी पोट बंद करण्याआधी चारचारदा आत बघितलं. ह्या खेपेला अण्णांनी उठून बाहेर जायचा प्रश्न आला नाही, कारण बॉम्ब लावायचे हे कुणी म्हणालंच नाही.

आबा दात न्यायला आले तेव्हा सपकाळ खोक्यातला शेंगदाण्याएवढा पायलट रंगवत होते. आबा वाकून म्हणाले, "ह्यो कोन?"

"पायलट."

"त्यो आत न्हाई. त्यो उतारलाय."

सपकाळांचा ब्रश थांबला. ते खालमानेने म्हणाले की आबा, माणूस उतरला तर आधी वरची काच उडते, आणि मग तो खुर्चीसकट बाहेर जातो.

"मग खुर्ची बी नगं. काच बी नगं."

तसंच केलं. बाकी विमान असं झालं की अजून कुठे बघितलं नाही. आणि मधोमध भोक. आबांनी ते टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. शालन मागे उभी होती. तिने विमानाकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

*

काही महिन्यांनी एका रविवारी शालन एकटीच आली. तासगावला माहेर, तिकडे निघालेली. आत येऊन सरळ म्हणाली, "त्यातला माणूस तुमच्याकडे राहिलाय. तो द्या."

पायलट, खुर्ची आणि काच मी एका कवळीच्या डबीत ठेवली होती. पण द्यायची कशी? अण्णांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग ती बोलली. हळू, पण एकदाही अडखळली नाही.

दिलीप गेला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मास्तरणीची परीक्षा पास. नोकरीचं विचारलं, तर दिलीप आल्यावर. माहेरी राहू का विचारलं, तर दिलीप आल्यावर. "मामंजी देवमाणूस आहेत. मला कधी अगं-तुगं केलं नाही. पण रोज सकाळी ते विमान पुसतात, आणि पुसून झालं की माझ्या कपाळाकडे बघतात. मला विधवा व्हायची हौस नाही हो. पण मी कोण आहे, ते मला कळू दे."

मग ती सपकाळांकडे वळली. "काका, तुम्ही खरी विमानं हाताने उघडलीत. खरं सांगा."

सपकाळांनी खुर्ची मागे सारली. मला वाटलं उठून जातात. "पोरी, तितक्या खालनं कुनी उतारल्यालं म्या ऐकल्यालं न्हाई."

तिने मान हलवली. रडली नाही. डोळे अण्णांचे भरले. अण्णा म्हणाले, ही डबी आपण देऊ नये. माणूस आत घालायचा की बाहेर ठेवायचा, हे ठरवणारे आपण कोण?

"तुम्ही नाही," शालन म्हणाली. "मी. बायको मी आहे."

सपकाळांनी डबी काढली, गोंदाची ट्यूब दिली आणि काडीच्या टोकाने किती लावायचा तेही दाखवलं. जास्त झाला तर काच धुरकट होते, म्हणाले. तिने डबी पिशवीत घातली आणि आम्हा तिघांना वाकून नमस्कार केला. तिसऱ्या प्रहरी तासगावची गाडी होती. त्या दिवशी मग कुणी काही काम केलं नाही.

*

दिवाळी होऊन गेली आणि आबा आले. कवळी खिशात, गाल आत गेलेले. बसले, टेबलावर टॉवेल ठेवला, गाठ सोडली.

हंटरमध्ये खुर्ची होती. खुर्चीत पायलट होता. वर काच बसलेली. इतकं नितळ काम, की कुठे गोंदाचा डाग नाही. आमची तिघांची मान वर होईना. आबांनी विचारलंच नाही कुणी केलं म्हणून. म्हणाले, "सूनबाईनं केलं. मीच केलं म्हनली, माज्या म्होरं हुबी ऱ्हाऊन. त्या दिसापास्नं म्या तिच्याशी बोललो न्हाई. ती बी न्हाई बोलली. घरात दोगंच, आन दोगं बी गप."

मग त्यांनी विमान सपकाळांकडे सरकवलं. "भाइर काडता येतंय का?"

सपकाळांनी ते उचललं, उजेडाकडे धरलं, काचेच्या कडेवरून नख फिरवलं. "न्हाई आबा. ह्यो गोंद तसला न्हवं. दोनी प्लास्टिक इतळून एक हुतंय. काडायचं तर फोडावं लागंल. आन काडताना त्येचा बी तुकडा पडंल."

आबा काचेतून आत बघत राहिले. बाहेर कुणीतरी दुकानाच्या दारात येऊन हाक मारली, मी उठलो नाही.

"मग नगं," आबा म्हणाले. "त्येला लागंल."

त्यांनी टॉवेल नीट चारी बाजूंनी घेतला, गाठ मारली आणि उठले. दारात चपला घालता घालता अण्णांकडे वळले.

"अण्णा, तुमचं येनंजानं लय गावास्नी असतंय. आमच्या लेकीसाठनं एखांदं चांगलं स्थळ असंल, तर सांगा."