वरचा नागपूरकर आणि त्याची बर्फातली कुत्री

बेंगळुरात वेडे पुष्कळ आहेत, पण नागपूरच्या उन्हात वाढून इथं बर्फातली कुत्री पाळणारा वेडा एकच, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. कोरमंगलाच्या मागच्या गल्लीत माझं दोन मजली घर आहे. खाली मी, वर हा भाडेकरू. चाळिशीचा, बिनलग्नाचा, बेळ्ळंदूरला काँप्युटरच्या ऑफिसात. आमचं घराणं या गावात किती पिढ्यांचं ते माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. मी चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलो आणि पुढं पन्नास वर्षं शिंपीकाम केलं. घर दाखवायला माझी बायको त्याला वर घेऊन गेली, तेव्हा त्यानं नळ बघितला नाही, संडास बघितला नाही. विचारलं काय, तर "काकू, सगळ्यात थंड खोली कोणती?" बायकोनं मागची दाखवली. "मग ही तिची," तो म्हणाला. बायको खाली येऊन मला म्हणते, लग्न ठरलेलं दिसतंय हो. दुसऱ्या दिवशी 'ती' आली. लांडग्याचं तोंड, एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि अंगावर एवढी लोकर की तीन माणसांचे स्वेटर निघाले असते. नाव मैना.

मैनेच्या खोलीत एसी अखंड चाले आणि हा तिच्या शेजारी कानाला मफलर बांधून घरूनच ऑफिसचं काम करी. मी म्हटलं, "अरे, नागपूरचा ना तू? मफलर कसला?" तर म्हणे, "घर तिचं आहे काका, मी फक्त राहून राहिलो." पहाटे साडेचारला तिला फिरवायला नेई, कारण ही जात दोन तास पळल्याशिवाय शांत बसत नाही. लोक कुत्र्याच्या पुढं चालतात. हा दोर धरून मागून घसरत जाई. ओढणं तिच्या रक्तात आहे, तिकडं बर्फात त्या गाडी ओढतात, असं तो अभिमानानं सांगे, आणि सांगतासांगता कोपऱ्यावरून दिसेनासा होई. संध्याकाळी बाहेर काढण्याआधी रस्त्यावर उकिडवा बसून हाताची मागची बाजू डांबराला लावायचा आणि सात मोजायचे. चटका बसला तर फिरणं बंद. एकदा रिक्षावाला थांबला. "एन बित्तु सार?" म्हणजे काय पडलं. हा म्हणाला, "काही नाही अण्णा, रस्त्याला ताप आहे का पाहून राहिलो." रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

मैना भुंकत नसे, वाद घाली. आ-ऊ-ऊ करून लांबलचक काहीतरी सांगे आणि हा "बरं, मग?" म्हणून ऐकून घेई. मी विचारलं, "चोर आला तर हिचा उपयोग काय?" म्हणाला, "बाप्पा, चोराला ती कपाट दाखवंल. हिला परका माणूस म्हणजे पाहुणा." अंघोळ फार नको, मांजरासारखी स्वतःच चाटूनपुसून स्वच्छ राहते, पण वर्षातून दोनदा आतली लोकर झडते, आणि मग ती गच्चीवर, जिन्यात, माझ्या सारात. बायको चमच्यानं काढी आणि तशीच जेवी. वीज गेली की हा एसीची टॅक्सी बोलावून मैनेला घेऊन बाहेरच्या रिंग रोडला जाई. बेळ्ळंदूरच्या गर्दीत गाडी तासभर अडकली की खूष होणारा सगळ्या गावात हा एकटा माणूस. ड्रायव्हर घाई करायला लागला तर म्हणे, "अण्णा, स्वल्प निधाना," सावकाश चला.

गेल्या वर्षी बायको गेली. आजार केसांवर आधी आला. औषधांनी केस झडायला लागले, उशीवर झुबके पडत. ती रोज उशी झटकी आणि रोज रडे. एके दिवशी मी माझी कापडाची कात्री घेतली आणि उरलेले सगळे कापून टाकले. मला वाटलं आता आणखी रडेल. ती डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "हलकं वाटलं हो." पुढं सव्वा महिना जगली. लोक आले, देवाची मर्जी म्हणाले, चहा प्यायले, गेले. मी लोकांसमोर देवाला शिव्या देत नाही, म्हणून त्या मर्जीबद्दल लिहीत नाही. मला जगायचं नव्हतं, आजही फारसं नाही. वरच्यानं मात्र पंधराव्या दिवशी पहाटे दार वाजवून दोर माझ्या हातात दिला. "काका, पाय मुरगळला, जरा धरता का?" पाय चांगला होता, मी त्याला जिना उतरताना ऐकलं होतं. पण तोवर मैनेनं मला गल्लीच्या टोकाला नेलं होतं. तेव्हापासून रोज नेत होती.

या एप्रिलात त्याला ऑफिसात जावंच लागलं. मैनेला माझ्याकडं ठेवून गेला आणि अकराला वीज गेली. पंखा नाही, पाणी तेवढं एक बादली. ती फरशीवर चारी पाय पसरून धापत होती, जीभ हातभर बाहेर. मी तिच्याकडं बघत राहिलो. मे महिन्यात गोधडी पांघरून बसलेलं माणूस बघवेल का? मी कात्री काढली. वरची लोकर, आतली लोकर, पाठीवर तर पार कातडीपर्यंत. मैना उभी राहिली, वाद घातला नाही, मला वाटलं तिलाही हलकं वाटतंय. दोन टोपल्या भरल्या. नंतर ती मागच्या अंगणात गेली आणि उन्हातच आडवी झाली. मी म्हटलं, बघा, आता ऊनसुद्धा सोसतं हिला.

संध्याकाळी तो दारात आला आणि तिथंच बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. टोपलीत हात घालून म्हणाला, "काका, हे फक्त थंडीसाठी नसतं. थर्मास जसा गरम ठेवतो तसा गारही ठेवतो. हिची ती सावली होती." मी म्हटलं, "मला काय ठाऊक." एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर फोड आले. तिसऱ्या दिवशी ताप, उलट्या, हिरड्या लालभडक. त्यानं बर्फ नाही लावला, बर्फानं उष्णता आतच कोंडते म्हणे, साध्या पाण्यानं पोट आणि पंजे भिजवत टॅक्सीतून तिला डॉक्टरकडं नेलं. चार दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले, वाचली. पण अंगावर लोकर यायला कित्येक महिने जातील, सगळीकडं येईलच असं नाही, आणि तोवर या गावचं ऊन तिला चालायचं नाही.

मला येत होतं तेवढं मी केलं. घरात मऊ सुती कापड म्हणजे बायकोच्या साड्या. पेटी वर्षभर उघडली नव्हती. दोन साड्या फाडून मैनेला अंगरखा शिवला, पोटाखाली नाड्या. पहिला तिनं तासात फाडला. दुसरा अंगरखा बघून तो म्हणाला, "माप बरोबर आहे काका, पण छातीत सैल ठेवा, बाई खात्यापित्या घरची आहे." मी हसलो नाही. तो एकटाच हसला आणि मग डोळे पुसत वर गेला.

मेच्या आधी त्यानं तिला निलगिरीत पाठवलं. तिथं त्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचं घर आहे, वर्षभर स्वेटर लागतो असं. बाई स्वतः गाडी घेऊन पहाटे आल्या. मैनेनं त्यांचा हात चाटला, गाडीत चढली, मागं बघितलं नाही. तो म्हणाला, "चांगलं आहे. मागं बघणारी जात असती तर अवघड गेलं असतं." सबंध गल्लीला त्यानं सांगितलं की तिला इथलं ऊन झेपलं नाही. कात्रीचं नाव कुणाजवळ काढलं नाही. दरमहा मी वाट बघतो की हा घर सोडेल. सोडत नाही. रिकाम्या खोलीतला एसी बंद आहे. उकाड्यात बनियनवर बसून काम करतो.

दर रविवारी तो खाली येतो आणि फोनवर मैना दाखवतो. बाई फोन तिच्याभोवती फिरवतात, मैना फोनशी वाद घालते, हा "बरं, मग?" म्हणतो. परवा म्हणाला, "बघा काका, सगळी लोकर आली. आता काहीच दिसत नाही." मी चष्मा लावून बघितलं. पन्नास वर्षं कापड बघितलेला डोळा आहे. पाठीवर खांद्यापासून शेपटीपर्यंत एक पट्टा होता, चार बोटं रुंद, नुसती गुलाबी कातडी, जिथं कात्री खोल गेली होती. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"सरी, बरोबर," मी म्हटलं. "नाही दिसत."