चाकण ते दापोडी: एका जुन्या बाटलीसाठी

चाकणहून दापोडीला जायचं असेल तर पहाटे पाचच्या आत निघा. सहानंतर तळेगाव चौकात कंटेनर आडवे होतात आणि भोसरी दिसेपर्यंत भूक लागते. हा ब्लॉग माझ्या नातीचा. ती म्हणाली, आजी, वाचणाऱ्यांना आधी उपयोगाचं सांग. ते सांगून झालं. आता मी बोलते आणि ती टाइप करते. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही, म्हणून आमचं जमतं.

मी हा रस्ता पहिल्यांदा केला तेव्हा माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती आणि मुलखात दारूबंदी होती. आम्ही दारू आणायलाच निघालो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या माळकरी सासूबाई.

झालं असं, की माझी नणंद शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी महाळुंग्याला आली होती. मुलगी झाली, बाराव्या दिवशी पाळणा झाला, पण शेवंता उठेना. चुना दिलेल्या भिंतीसारखी पांढरी पडली होती. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, काही पोटात ठरत नव्हतं. पोरीला दूध पुरेना. चाकणचे डॉक्टर म्हणाले, जुनं पोर्ट मिळालं तर दोन्ही वेळा चमचा-चमचा द्या, भूक उघडेल. पोर्ट म्हणजे द्राक्षाची दारू हे कळल्यावर सासूबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. डॉक्टर म्हणाले, परवाना लागेल, कागद पुण्याला जाऊन येईल. कागद आधी येईल की दुसरंच काही होईल, हे त्यांनी सांगितलं नाही.

कंपाउंडर दारापर्यंत आला. "मावशी, दापोडीला पुलाच्या अलीकडं फिलोमिनाबाई राहती. तिचा नवरा खडकीला साहेबांच्या मेसमधी बटलर व्हता. तिच्याकडं एक बाटली हाय म्हणत्यात. मी सांगितलं म्हणू नका."

घरचे पुरुष कांदा काढणीत होते. सासूबाई मला म्हणाल्या, "लेक माझी हाय, मीच जाणार. तू चल. तुला वास समजतो."

ते खरं होतं. वखारीतला कुठला ढीग आतून सडायला लागलाय, हे मी नुसत्या वासावर सांगायचे. शाळेत न जाता मला मिळालेली पदवी ती एकच.

पाळण्यानंतरचा सातवा दिवस होता. महाळुंग्याहून चाकणला बैलगाडी, चाकणला एस.टी.ची वाट बघत दोन तास वडाखाली. तिकिटाचे पैसे सासूबाईंनी कनवटीच्या गाठीतून काढले, म्हणजे गाठ सुटायलाच मोशी आली. मोशीचा पूल ओलांडताना सासूबाईंनी इंद्रायणीला हात जोडले आणि पुटपुटल्या. काय ते मी विचारलं नाही. कोणत्या कामाला निघालोय ते नदीला सांगत असाव्यात. भोसरीत गाडी थांबली तिथं भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. तेव्हा भोसरीत सावली होती. कासारवाडीला रेल्वेचे रूळ दिसले. मागच्या बाकावर कोणी सांगत होतं, पिंपरीला औषधाची मोठी कंपनी निघालीय, सुईतलं औषध करतात. "सुईतलं काय उपेगाचं," सासूबाई मला म्हणाल्या, "चमच्यातलं कुठं करत्यात ते इचार."

दापोडीला फिलोमिनाबाई शोधावी लागली नाही. कौलारू चाळीत दारावर जिच्या क्रूस होता ती एकच. पन्नाशीची, फुलाफुलांचा झगा, पायात पुरुषी चपला. तिने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. आम्ही खाली बसलो. तिने पाणी दिलं. सासूबाई म्हणाल्या, तहान न्हाई. घामाने त्यांचा पदर पाठीला चिकटला होता.

बाळंतीण लेकीसाठी बाटली हवीय, एवढं त्यांनी सांगितलं. ती खाटेखाली खोक्यात होती, वाळूत आडवी निजवलेली. काळी, तोंडाला लाख. तिच्या मुलाच्या बारशाला साहेबाने दिलेली. साहेब म्हणाला होता, पोरगा एकवीस वर्षांचा होईल त्या दिवशी उघडायची, तोवर हलवायची नाही. "एकवीस झाला तेव्हा आंतोन जहाजावर होता," बाई म्हणाली. "लिहिलं, नाताळात येतो. आता अठ्ठावीस झाला. नाताळ दर वर्षी येतो, तो तेवढा नियमित नाही."

"मग इकता का?" सासूबाईंनी विचारलं.

"विकते म्हटलंय. विकलेली नाही."

दहा रुपये सांगितले. तेवढ्या पैशांत शेळी यायची. सासूबाईंनी पदराने बाटली धरली, म्हणजे हात लागला असं होत नाही, आणि दारातल्या उन्हात नेली. आत एका कडेला काळी साय धरली होती. माल मानेपासून चार बोटं खाली गेला होता.

"ह्यात माती हाय. आन वरचं कुणी पिलंय."

"गाळ आहे तो, जुन्याला बसतोच. वरचं हवेनं प्यालं. लाख बघा, तडा नाही."

मी लाखेला नाक लावलं. लाखेचाच वास. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाक माझ्या कामी आलं नाही. जुना गूळ औषधाला चांगला, जुनं तूप त्याहून चांगलं, आणि जुना कांदा म्हणजे नुसतं पाणी. ही बाटली गुळाच्या जातीची की कांद्याच्या, हे बाहेरून कोण सांगणार? व्हिनेगर झालेलं घेऊन गेलो तर शेवंताच्या पोटात जे ठरतंय तेही बाहेर पडेल.

सासूबाईंनी बाजारातला कायदा काढला. "आमच्या चाकणला कांदा फोडून दावत्यात, मंग बोली. तुमी फोडून दावा."

"कांदा फोडला तर पोत्यात दुसरा असतो, बाई. हिला दुसरी नाही."

"फोडलेला कांदा इकणाऱ्याचा. खराब निघाली तर आमी पैसं देणार न्हाई."

"इथं बाजार न्हाई, आत्याबाई," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आजही मला उन्हाळ्यात गार वाटतं. पण मी फिलोमिनाबाईकडे बघत होते. तिचा हात पैशावर अडत नव्हता. बंद असेपर्यंत ती बाटली चांगली होती आणि पोरगा येणार होता. उघडली की दोन्हीचा निकाल.

मग तिने विचारलं, "लेकीला काय झालं?"

"मुलगी."

"दिवस कितवा?"

सासूबाई तोंड उघडणार तोच मी बोलले. "एकविसावा."

फिलोमिनाबाई बाटलीकडे बघत राहिली. मग हसली. "साहेब वर्षं म्हणाला होता की दिवस, मला तरी आता कुठं आठवतंय," म्हणाली आणि सुरी घेऊन लाख खरवडायला बसली.

बूच चुरा होऊन आत पडलं. तिने कपात फडकं धरलं, हळूहळू ओतलं. काळं म्हणून बघितलेलं उन्हात विटकरी निघालं. आता चाखायचं कोणी? फिलोमिनाबाई म्हणाली, मी विकणारी, माझ्या जिभेचा काय भरवसा. सासूबाई म्हणाल्या, मी माळकरी. आणि मग सगळ्या महाळुंग्यात कोणत्या सासूने सुनेला म्हटलं नसेल ते म्हणाल्या, "पी गं."

मी प्यायले. काकवी, मनुका आणि कपाटातलं जुनं लाकूड. आंबलेलं नाही. मी मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "नीट बघ." मी पुन्हा नीट बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी कप काढून घेतला.

पितळेत ओतू नका, असं बजावून तिने आम्ही बरोबर नेलेल्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या. गाळ आणि घोटभर माल तळाशी ठेवला, तो तिचा. तो तिने आमच्यासमोरच कपात घेतला, आंतोनचं नाव घेतलं आणि संपवला. दहा रुपये मोजून घेतले. उगाच दया दाखवली नाही, म्हणून मला ती आवडली. निघताना सासूबाई म्हणाल्या, "पाणी द्या जरा." तांब्याभर प्यायल्या.

परतीच्या गाडीत आमच्या पुढ्यात एक हवालदार येऊन बसला. माझ्या मांडीवरच्या बाटल्या बघून म्हणाला, "औषध का, मावशी?" सासूबाई म्हणाल्या, "व्हय, लेकीचं." त्यांना खोटं बोलता येत नसे आणि त्या बोलल्याही नाहीत. चाकणला बैलगाडीत बसल्यावर हळूच म्हणाल्या, "आज एकोणिसावा हाय."

"व्हय."

"मंग दोन दिस कुठनं आणलंस?"

"बाजारात काट्याला बोट लावत्यातच की, आत्याबाई."

त्या रात्री पहिला चमचा मी पाजला, दुसऱ्या दिवशीचेही मीच. सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या. तिसऱ्या सकाळी मी चमचा घ्यायला गेले तर तो जागेवर नव्हता. सासूबाई माळ पाठीवर टाकून शेवंताजवळ बसल्या होत्या, बाटली उघड्या हातात, पदर मध्ये न घेता.

"सर तू," म्हणाल्या. "आज खरा एकविसावा. आज मी पाजती."

त्या दुपारी शेवंताने अर्धी भाकरी मागून खाल्ली. पोर्टमुळे की तिची बरं व्हायची वेळ आली होती म्हणून, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्या दोन बाटल्या पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे तिळाच्या तेलाला होत्या.

आता दापोडीला मेट्रो थांबते. मागच्या महिन्यात नातीने नेलं होतं. ती चाळ नाही, आंतोन आला का ते सांगणारंही कोणी नाही. शेवंताची ती मुलगी आमच्याबरोबर होती, सत्तरीची. गुडघे दुखतात म्हणून पुलावर कुरकुर करत होती. मी तिला म्हटलं, चाल नीट, तुझ्या आईच्या भाकरीसाठी इथे एका बाईने तिच्या पोराचा वाढदिवस उघडून दिलाय. तोही तुझ्या एकविसाव्या दिवशी नाही, एकोणिसाव्या दिवशी. ते दोन दिवस मी अजून कोणाला परत केलेले नाहीत.