मामांची बुधवारची मोजणी

"थांबा. आदी मोजू दे, मंग बोला."

आमचे मामा कुठल्याही खोलीत शिरले की पहिलं वाक्य हेच. मग उजव्या हाताचं बोट पुढे करून ते माणसं मोजत. पेशंट असोत, डॉक्टर असोत, नाहीतर नुसते चहा प्यायला आलेले.

रेवा, निखिल, हे आज लिहायला बसले ते रेवाच्या परवाच्या फोनमुळे. तिच्या नव्या नोकरीत कडक बंदोबस्तातल्या मनोरुग्णांना त्यांच्या गावाजवळच्या दवाखान्यात हलवायचं काम आहे. "आजी, हे अगदी नवीन आहे," म्हणाली. नवीन नाही गं. ऐंशीच्या दशकात बेलापूरला आम्ही ते पाच माणसांपुरतं केलं होतं.

मी तिथल्या लहानशा दवाखान्यात समाजसेविका होते. मोठं मनोरुग्णालय खाडीपलीकडे. तिथल्या दुहेरी कुलपाच्या वॉर्डातले, कोर्टाने पाठवलेले पाच पुरुष बरे झाले होते, पण घरचे न्यायला धजत नव्हते. म्हणून आधी सहा महिने आमच्याकडे, मग घरी. मामा त्या वॉर्डातले अटेंडंट; सगळे त्यांना मामाच म्हणत. दर बुधवारी त्यांनी यायचं, पाच मोजायचे, वहीत लिहायचं. जो कमी भरेल तो परत कुलपाआड, आणि मग त्याची पुन्हा बदली नाही.

वीस वर्षं दुहेरी कुलपात काढल्यामुळे मामांना उघडं दार सोसत नसे. आमच्या वॉर्डाच्या दाराला साधी कडीही नव्हती. पहिल्या दिवशी ते दाराला पाठ लावूनच जेवले.

एकदा मीटिंग चालू असताना ते पुन्हा आत आले. "सात. मगाशी आठ होते." आठवे म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, संडासला गेलेले. मामांनी बाहेरून दार वाजवलं.

"डाक्टरसायेब, हाय ना?"

"आहे हो, आहे!"

"मंग सावकाश चालू दे."

तुमच्या आईच्या वाढदिवसालाही मी त्यांना बोलावलं होतं. आल्याआल्या त्यांनी पोरं मोजली : बारा. केक कापताना अकराच भरली. तुमची आई पलंगाखाली लपली होती. ती सापडेपर्यंत मामांनी कुणाला एक घास खाऊ दिला नाही.

आता त्या बुधवारबद्दल सांगते. सहा महिने भरायला तीनच आठवडे उरले होते. आमचा पाचवा पेशंट जवळच्याच, खाडीकाठच्या करावे गावचा. तरुणपणी डोकं फिरलेलं असताना त्याने काकाची होडी जाळली, आणि त्यापायी अठरा वर्षं आत काढली. आता त्याची बहीण त्याला न्यायला तयार झाली होती. त्या दुपारी मी वॉर्डात गेले तर त्याची खाट रिकामी. बाकीचे चौघे छताकडे बघत होते.

तेवढ्यात मामा दारात. बोट वर. "एक, दोन, तीन, चार..."

बोट हवेतच थांबलं. रिकाम्या खाटेकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सावकाश पाठ फिरवली.

"बाय, अजून मोजला नाय मी."

"मामा, तो—"

"काय सांगू नका. सांगितला तर मना लिवायला लागंल. तुमच्याकडं पेशंटाला बाजारात जायचा नियम हाय का?"

"नाही."

"मंग करा की. तुमाला इंग्रजी येतंय. मी बाहेर पानी पितो. नियम झाला की मोजतो."

मी आयुष्यात एकही कागद वेळेवर नोंदवल्याशिवाय सोडला नव्हता. त्या दिवशी झाल्या गोष्टीसाठी मागाहून नियम लिहिला. पेशंटनी बुधवारी दुपारी दोन ते चार बाजारात जावं, त्याने प्रकृती सुधारते, असं फर्डं इंग्रजी. डॉक्टरांनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मामा बाहेर तिसरा तांब्या रिचवत होते.

चारला दहा मिनिटं कमी असताना पाचवा आला. गुडघ्यापर्यंत चिखल, दवाखान्याच्या सदऱ्याची झोळी, आणि झोळीत वळवळणारी निवटी. ओहोटीच्या चिखलात हाताने धरायची ती छोटी मासळी.

"काय रं, बाजार झाला का?" मामांनी विचारलं.

"कुटला बाजार? खाडीवर गेलतू. अठरा वरसं खाल्ली नव्हती. तुमाला पन आनलीत."

मामांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "बाय, नियमात खाडी घाला."

घातली. शाई संपली होती म्हणून ते दोन शब्द दुसऱ्या रंगाचे झाले. मग मामांनी शांतपणे पाच मोजले, वहीत लिहिलं आणि निवटी पिशवीत घेऊन घरी गेले.

तीन आठवड्यांनी पाचवा बहिणीकडे राहायला गेला. तो पुन्हा कुलपाआड गेला नाही. मामा निवृत्त झाले आणि चारेक वर्षांत वारले. त्यांच्या दहाव्याला मी गेले होते. पाचवा तिथे पंगतीत वाढत होता.

आता त्या दवाखान्यामागे इमारती झाल्या आहेत, खाडी दिसतही नाही. मागच्या महिन्यात रक्त तपासायला गेले होते. मानसोपचाराच्या वॉर्डाबाहेर नियमांचा फलक आहे, आता मराठीत. त्यात सहावा नियम : बुधवारी दुपारी दोन ते चार, बाजार व खाडी.