लिंबू फुटलं नाही

आमचे अण्णा गणिताचे निवृत्त मास्तर. पैकीच्या पैकी गुण त्यांनी कुणाला दिले नाहीत. मला, म्हणजे पोटच्या पोराला, तर नाहीच. पन्नाशीत मी प्लास्टिकचे तुकडे जोडून जुन्या अमेरिकन पिकअपचं वीतभर मॉडेल करायला बसलो, ते छंद म्हणून, असं सगळ्यांना सांगायचो. खरं तर मला त्यांच्याकडून एकदा शाबासकी हवी होती. तरुणपणी वळसंगच्या शेतावर त्यांनी तसलीच एक खटारा गाडी चालवली होती.

खोक्यावर छापलं होतं, सगळे भाग अचूक बसतात. छापणाऱ्याने खोकं उघडून पाहिलं नसावं. बॉनेट डावीकडे टेकवलं की उजवीकडून उठायचं. केबिन बसली की दार बसेना. मी घासलं, पुट्टी भरली, पुन्हा घासलं. अण्णा मागे हात बांधून यायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, “दाराला फट हाय.” फट केसाएवढी होती. महिनाभर मी त्या केसाच्या मागे होतो.

“आदी न्हाणीघराचं दार बघा की,” बायको म्हणाली. “ते तर लागतच न्हाय.”

शेवटी गाडी पुरी झाली. अण्णांनी पाहिली आणि पेपर वाचायला गेले. माझं डोकंच फिरलं.

खंडेनवमीला घरच्या गाड्यांची पूजा अण्णा करतात. माझ्या बॅटरीवरच्या स्कूटरला मात्र फूलसुद्धा वाहत नाहीत. तिला आवाज नाही, म्हणून ती गाडीच नाही. यंदा आंघोळ करून बाहेर आलो तर अंगणात पाट, पाटावर माझी पिकअप. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, टपावर केबिनएवढा झेंडू, आणि पुढच्या चाकांपुढे चाकाहून मोठी दोन लिंबं. मी ओरडेपर्यंत त्यांनी टपावर अंगठा दाबून गाडी रेटलीसुद्धा. लिंबू काही फुटलं नाही. अ‍ॅक्सल तुटला, आणि ती फट उघडून दारच खाली पडलं.

“अण्णा, खेळण्याला कुणी लिंबू ठेवतं का?”

“खेळणं कुटं? गाडी हाय की.” त्यांनी चाक उचलून निरखलं. “आमचीबी अशीच बसली हुती, भर रस्त्यात.”

मला रडू येत होतं, आणि रागही तेवढाच आला होता. अण्णांनी लवंडलेल्या गाडीला शांतपणे ओवाळलं. माझी स्कूटर फाटकाशी बिनफुलाची उभी होती.