मानणाऱ्याचं एक, तपासणाऱ्याचं एक

पुस्तक हातात देण्याआधी वऱ्हाडपांडे काकू ते उघडून एकच गोष्ट बघायच्या: लिहिणारा राहतो कुठे. मग चष्म्यावरून आपल्याकडे बघत विचारायच्या, "याच्या खिडकीतून काय दिसत असेल गं?" आम्ही नुकतेच पुण्याहून बदली होऊन भोपाळला, फॅक्टरीच्या टाउनशिपमध्ये आलो होतो आणि मला विणकामाचं पुस्तक हवं होतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक! मला स्वेटर विणायचाय." काकूंनी स्वेटरचं चित्र पाहिलं, लेखिकेचं गाव पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बाई बर्फात बसून विणून राहिली. हा स्वेटर घालून तुझा नवरा फॅक्टरीत गेला तर उकडून निघेल ना बाप्पा!" मला असा राग आला! मी पुस्तक मागायला गेले होते, नवऱ्याची तब्येत दाखवायला नाही. पण स्वेटर पातळ लोकरीचाच विणला.

काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान फॅक्टरीत होते आणि क्लबातलं वाचनालय काकू हौसेने सांभाळायच्या. गुरुवारचा उपास त्यांनी कधी सोडला नाही, आणि जगातल्या कुठल्याही धर्माचं पुस्तक हाती लागलं की तेही सोडलं नाही. कुणी टोचून बोललं तर म्हणायच्या, "दुसऱ्याचं घर पाहून आलं म्हणजे आपलं घर सुटते का?" आणि हसायच्या. ते हसणं म्हणजे आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा.

माझी मुक्ता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेली आणि आमच्या घरात 'विक्का' आला. सायबर कॅफेत तिने कुठेतरी वाचलं होतं. मला आधी वाटलं, कॉम्प्युटरचा नवा कोर्स असेल. मग एक दिवस तिच्या खोलीत फरशीवर खडूने वर्तुळ, वर्तुळात पाच टोकांची चांदणी आणि चार दिशांना चार मेणबत्त्या दिसल्या. कामवाली कमला दारातूनच मागे फिरली. "भाभीजी, बिटिया कोई टोटका कर रही है क्या?" झालं! मुक्ता जादूटोणा करते, हे संध्याकाळपर्यंत क्वार्टरांच्या आमच्या सगळ्या ओळीत पसरलं. नवऱ्याने पेपरमधून मान वर न काढता "परीक्षेनंतर बघू" म्हटलं. मी मुक्ताला विचारायला गेले तर ती एवढंच म्हणाली, "तुला नाही समजणार, आई," आणि दार लावून घेतलं. बोलून बोलून कान किटवणारी माझी पोर! त्यानंतर ती "हो", "नाही" आणि "जेवले" यापलीकडे काही बोलेना. चांदणीची मला भीती वाटली नाही, त्या गप्प बसण्याची वाटली.

मी तडक वाचनालयात गेले आणि काकूंना बजावलं की असली पुस्तकं तिला द्यायची नाहीत.

"काऊन?" काकू म्हणाल्या. "पोरगी वाचून राहिली ना, पळून तर नाही ना राहिली? विक्का म्हणजे युरोपातला निसर्ग पुजणारा पंथ. चंद्र, झाडं, ऋतूंचे सण. लोक टोटका समजतात, कारण कोणी धड वाचतच नाही. कॅफेत कचरा वाचण्यापेक्षा चांगलं वाचू दे. आणि आधी तू वाच."

"मी?"

"मग काय मी वाचू तुझ्या पोरीसाठी?"

लंडनला असलेल्या आपल्या मुलाकडून मागवलेली दोन पुस्तकं त्यांनी कपाटातून काढली. पहिलं तो पंथ मनापासून पाळणाऱ्या एका इंग्रज बाईचं, साधं, सणवारांची ओळख करून देणारं. दुसरं एका इतिहासाच्या प्राध्यापकाचं. त्यात हा पंथ स्वतःला म्हणवतो तितका पुरातन नाही, जुन्या धाग्यांतून गेल्या शतकात नव्याने विणलेला आहे, असं दाखवलेलं. "मानणाऱ्याचं एक, तपासणाऱ्याचं एक. ही जोडी फोडायची नाही," काकूंनी दम भरला. "नुसतं पहिलं वाचलं तर डोकं फिरते. नुसतं दुसरं वाचलं तर मन सुकून जाते." वर झाडांची ओळख करून देणारं एक हिंदी पुस्तक ठेवलं. "आणि जे पुस्तक पहिल्याच पानावर कोणाला वश करायचं शिकवते, ते मिटून ठेवायचं. धर्म कोणताही असो."

मी जेवणाच्या टेबलावर डिक्शनरी घेऊन बसले. इंग्रजीची बोंब! मुक्ता येता-जाता तिरक्या नजरेने बघायची. चार-पाच दिवसांनी मागे उभी राहून म्हणाली, "ते प्रकरण आत्ता नको वाचूस, आई. आधी ऋतुचक्राचं वाच." मी "बरं" म्हटलं आणि पान उलटलं.

त्या ऋतुचक्रानेच घोळ केला. पुस्तकात एक ऑगस्टला सुगीचा सण होता: शेतातली गव्हाची पहिली पेंढी आणायची, नव्या गव्हाचा पाव भाजायचा. मुक्ताने आठवडाभर तयारी केली. आणि भोपाळात पाऊस धो धो! दिवाळीनंतर पेरायचा गहू ऑगस्टात आणायचा कुठून? ती रडवेली होऊन वाचनालयात गेली, मीही मागोमाग. "काकू, हे सगळं खोटंच आहे," ती म्हणाली.

"खोटं नाही गं. ती बाई तिच्या शेतापाशी बसून लिहून राहिली. तू तुझं शेत पाहिलं का कधी?"

काकूंनी वाचनालयाला कुलूप घातलं, रिक्षा थांबवली आणि भर पावसात आम्हाला रायसेन रोडने आनंद नगरच्या पुढे, शेतांपर्यंत नेलं. गुडघाभर सोयाबीन, बांधावर हिरवं रान. मुक्ता चिखलात उतरली. "हे काय आहे? आणि हे?" काकूंनी खुशाल हात वर केले. मला मात्र माझं लहानपण आठवलं, श्रावणात मंगळागौरीची पत्री गोळा करायला हिंडायचे ते. "हा आघाडा," मी म्हटलं. "हा माका. त्या दूर्वा."

"आई! तुला कसं माहीत?" मुक्ता माझ्याकडे अशी बघत होती की मला भरून आलं. आणि आनंदाच्या भरात मी बोलून गेले, "बघ, आपल्यात सगळं आधीपासून आहेच!"

काकू फाडकन म्हणाल्या, "असं नको म्हणू. तिला तिची वस्तू शोधू दे. तू आपली ओळख करून दे, वर हक्क नको सांगू."  या वेळी मला रागही आला नाही. मुक्ताने त्या दिवशी आघाड्याची जुडी बांधून पावाशेजारी ठेवली, आणि पाव मी भाजला. दगडासारखा झाला होता, तरी खाल्ला.

यजमान रिटायर झाले तेव्हा काकू क्वार्टर सोडून नागपूरला निघाल्या. सामान ट्रकवर चढत असताना त्यांनी विचारलं, "मग काय ठरवलं पोरीने?"

"अजून काही नाही, काकू. पण रोज काहीतरी सांगत असते."

"मग ठीक चाललं आहे," त्या म्हणाल्या.

पुढे मुक्ताने ठरवलं. ती आज स्वतःला विक्कन म्हणवते, आणि भोपाळातच, बाग सेवनियाच्या तिच्या घरी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या पंथातला पितरांचा सण असतो. काकू गेल्याचा फोन आला, त्या वर्षीच्या सणाला तिने मला बोलावलं. काकूंच्या नावाने एक पान जास्त वाढायचं होतं. मी त्यांच्या आवडीचा गोळाभात करून नेला, वर हिंग-मोहरीची फोडणी.

त्या जेवणाला म्हणे एक शब्दही बोलायचा नसतो. आम्ही दोघी गप्प बसलो. मुक्ताने थोडा वेळ ओठ घट्ट मिटून धरले, पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला राहवेना.

"आई, काकू हसायच्या कशा गं? करून दाखव ना."

मी आधी खांदे हलवले.