अण्णांची इटलीवाली आणि महादेवाचा चढ

किस्से काही कुणी ठरवून जमवत नसतं. तुम्ही फक्त रोज सकाळी सायकल काढायची आणि सोबत बसवंतअण्णांना घ्यायचं, बास! घरी येईपर्यंत खिशात एक तरी किस्सा असतोच. माझी बायको तर आता मला दारातच विचारते, "आज काय केलं अण्णानं?"

आमचा जळकोटचा सायकल ग्रुप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर एकोणचाळीस मेंबर आणि रस्त्यावर तीन! एक मी, माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दुसरे आमचे सर, हायस्कूलवर गणित शिकवतात. आणि तिसरे बसवंतअण्णा, आडत दुकानदार, साठी कधीच ओलांडलेले. तरुणपणापासून अण्णांना रेसची सायकल घ्यायची होती. आधी दुकान बसवायचं होतं, मग पोरींची लग्नं, मग पोराचं शिक्षण, असं करत ते राहून गेलं. शेवटी गेल्या साली हैदराबादला जाऊन त्यांनी घेतलीच. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी परदेशात कुण्या खऱ्याखुऱ्या व्यावसायिक रेसरनं चालवलेली, लाल रंगाची, लोखंडी पाइपाची, इटलीची!

सायकल टेम्पोतून उतरली तेव्हा आडत बाजारात ही गर्दी. सगळ्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून बघितलं. शेवटी एका हमालानं तोंड उघडलं.

"अण्णा, कॅरेज न्हाई?"

"न्हाई."

"मडगार्ड? घंटी? स्टँड?"

"न्हाई गा, रेसची हाय ही."

हमाल लईच हळहळला. "एवढे पैसे मोजून त्यानं तुम्हाला अर्धीच दिली की हो!"

&nbsp;

एकदा मागचं चाक थोडं वाकडं झालं म्हणून अण्णांनी सायकल महेबूबचाचाकडे टाकली. चाचाचं दुकान पंक्चरचं, पण हात असा की चाक फिरवून नुसत्या आवाजावर सांगणार कुठली तार ढिली आहे. संध्याकाळी आम्ही घ्यायला गेलो. चाक एकदम सरळ! आणि सायकल स्वतःच्या पायावर उभी. चाचानं तिला दुधवाल्याच्या सायकलीला असतं तसं दणदणीत स्टँड बसवलं होतं, वर ही एवढी घंटी.

अण्णांनी डोळे विस्फारले. चाचाला वाटलं, आनंदानं.

"अण्णा, इत्ती महंगी गाडी और दीवार को टेकाके रखते? मेरेकू अच्छा नई लगा. पैसे नक्को!"

अण्णा चहा पिऊन गुपचूप निघाले. स्टँड घरी आल्यावर काढलं. घंटी मात्र ठेवली, कारण चाचा रोज रस्त्यात उभं राहून ती वाजवायला लावतो.

&nbsp;

मग आला दसरा. खंडेनवमीला आपल्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा. दुकानात तराजूची झाली, पोत्याला लावायच्या हुकाची झाली, तर सायकलीनं काय घोडं मारलं? अण्णांनी सायकल धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यावर थांबावं ना! चाकाच्या कडा चमकल्या पाहिजेत म्हणून दोन्ही रिमांना करडीचं तेल चोळलं. चांगलं आतपर्यंत.

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही महादेवाच्या चढावर गेलो. गावाबाहेर दीड किलोमीटरचा उभा चढ आहे, वर महादेवाचं देऊळ. अण्णा सायकल ढकलत वर गेले, दर्शन घेतलं आणि ऐटीत उताराला लागले. ब्रेक दाबला. ब्रेक कुठला लागतोय! रिमाला तेल!

"सरका रे ऽऽऽ!" घंटी वाजवत अण्णा आमच्या पुढून गेले ते थेट खाली. पायथ्याला शेतकरी भाऊरावनं डांबरी रस्त्यावर वाळत घालायला सोयाबीनचा ढीग ओतला होता. सायकल ढिगात, अण्णा कमरेपर्यंत ढिगात, सायकलीचा हार त्यांच्या गळ्यात. आम्ही धापा टाकत पोचलो. कुठं लागलं नव्हतं, पण अण्णांच्या कानातनंसुद्धा सोयाबीन निघत होतं.

अण्णा आडतीवर माल घेताना ढिगात हात घालून ओलावा बघतात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. भाऊराव कमरेवर हात ठेवून उभा.

"अण्णा, माल वला हाय का वाळला, बघायला एवढं आत शिरावं लागतं का?"

&nbsp;

ही बातमी अण्णांच्या आधी घरी पोचली. कमळाकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, ओट्यावरच बसल्या होत्या. रागावल्या म्हणजे त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. तो चांगलाच उतरला होता.

"अवो, चढावर ढकलत नेता आन उतारावर जीव देता. ही कुठली सायकल? ज्या दिवशी पाय न टेकता महादेवापत्तोर जाताल, त्या दिवसापासून मी एक शब्द बोलनार न्हाई. न्हाई जमलं तर सायकल माळ्यावर, कायमची."

"एका झटक्यात कसं जमंल?"

काकूंनी जरा विचार केला. "तीनदा करून बघा. देवाला बेल बी तीन पानाचा लागतो."

अण्णांचा चेहरा बघवेना. माळ्यावर गेलेली वस्तू त्या घरात परत खाली आलेली कुणी पाहिली नाही. सरांना पंच नेमलं.

&nbsp;

पहिल्या वेळी अण्णा अर्धा चढ दमदार गेले. अर्ध्यावर भाऊरावचं रान आणि तिथंच त्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. भाऊराव रस्त्याच्या मधोमध कपबशी घेऊन उभा!

"अण्णा, घोटभर चहा."

"येताना घेतो गा!"

"माझा सोयाबीन तुडविला, मी काई बोललो का? आन माझा चहा चालत न्हाई?"

झालं. आपल्याकडे असं म्हटल्यावर माणूस थांबणार नाही तर काय करणार? अण्णांनी पाय टेकला, चहा घेतला, बशी परत दिली आणि पंचांकडे बघून म्हणाले, "सर, हा पाय चहासाठी टेकला. चढासाठी न्हाई!"

सर गणिताचे. पाय तो पाय.

&nbsp;

दुसऱ्या वेळेसाठी सरांनी वही काढली. पुढच्या चक्राला दाते किती, मागच्याला किती, अण्णांचं वजन किती. निष्कर्ष असा निघाला की या सायकलीचा सगळ्यात हलका गिअर आपल्या सायकलींच्या जवळजवळ सगळ्यात जड गिअरएवढा आहे! तो परदेशी रेसर काय खात होता देव जाणे.

गिअरच्या खिट्ट्या हँडलवर नाहीत, खाली पाइपावर. ऐन चढात अण्णा वाकले, खिट्टी उलटी ओढली, चेन खटकन निसटली. सायकल थांबली. पण पडतील ते अण्णा कसले! शेजारच्या कडुलिंबाच्या झाडाला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली. दोन्ही पाय पेडलवर.

"सर, टेकला का पाय?"

"नाही टेकला," सर म्हणाले. ते तरी काय करणार?

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पुढं जाता येईना, झाड सोडता येईना. मी हसून हसून रस्त्यावर बसलो होतो. तेवढ्यात रानात निघालेल्या दोन बाया थांबल्या.

"अण्णा, झाडाला काय मागून राहिलात?"

"हलका गिअर, बाई!"

&nbsp;

झाड सोडताना शेवटी पाय टेकलाच होता, म्हणून तिसरी आणि शेवटची वेळ कार्तिकातल्या सोमवारी. या खेपेला काकू स्वतः आल्या, पूजेची टोपली घेऊन, पायी. आमच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

अण्णांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला म्हणाले, "रिवायंडिंगवाले, आज न्हाई झालं तर ही तुम्ही घेऊन जावा. माळ्यावर धूळ खाताना बघवनार न्हाई मला." मी नुसतंच "चढा तुम्ही" म्हणालो.

अण्णा चढू लागले. इतके हळू की काकू चपला फटफटवत त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या. आणि गप्प कुठल्या बसतात!

"उदगीरचे पाव्हणे रविवारी येनार हायत."

"हं."

"पिठाची गिरनी बंद हाय."

"हं."

"दळन कोन आननार?"

"हं... हं..."

आखाडा गेला. भाऊरावला मी आधीच शपथ घातली होती, तो बिचारा कपबशी पाठीमागं लपवून उभा. लिंबाचं झाड गेलं. मग शेवटचं वळण आलं. तिथून देवळाचा कळस दिसतो आणि रस्ता भिंतीसारखा उभा राहतो. अण्णांच्या मानेवरच्या शिरा तट्ट फुगल्या. पुढचं चाक लटलट करायला लागलं. काकू एकाएकी बोलायच्या थांबल्या. सायकल जागच्या जागी उभी राहिली, एक क्षण, दोन क्षण, आणि अण्णांचा उजवा पाय पेडलवरून सुटायला लागला.

काकूंनी टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि मोकळा हात सीटच्या मागं ठेवला.

सायकल हलली. चालायला लागली.

"काकू!" सर मागून ओरडले. "हात! तुमचा हात आहे सीटला!"

काकूंनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मग? मी बी चढच चढून राहिले की, सर! म्हाताऱ्या बाईला धरायला काई नको का?"