विंचूर ते नाशिक: एक गोळी आणि सासूबाई

टेस्टवर दोन रेघा दिसल्या त्या दिवशी आमच्या घरात पपई, तीळ आणि माझी डिप्रेशनची गोळी या तिघांना 'उष्ण' ठरवण्यात आलं. निकाल अर्थातच सासूबाईंचा. गोळी मी सोडली नाही, पण ती सब्जाच्या पाण्याबरोबरच घ्यायची, म्हणजे उष्णता मरते म्हणे! मी मात्र रोज गिळताना घाबरायचे. बाळाला काही झालं तर? आणि बंद केली नि मागचं दुखणं उलटलं तर? शेवटी ठरवलं, नाशिकला जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांनाच विचारायचं. नवरा कांद्याच्या लिलावात अडकलेला, म्हणून सोबतीला साक्षात सासूबाई, म्हणजे आमच्या आई.

येवल्याकडून येणारी एसटी विंचूरला मिळते, बायकांना तिकीट अर्धं. सकाळची धरा, खिडकी मिळते. दिवस गेले असतील तर मागच्या सीटवर चुकूनही बसू नका, निफाडच्या पुढे आतडी गळ्यात येतात.

शेजारच्या बाईने विचारलं, "कुठं निघाल्या?"

"डोळ्याचा नंबर काढायला," आईंनी ठोकून दिलं. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम. मग त्या बाईने डबा उघडून पपईची फोड माझ्यापुढे धरली.

"अगं नको, पोटुशी हाय ती!" आई किंचाळल्या. ड्रायव्हरनेसुद्धा आरशातून बघितलं.

नाशिकला रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. दवाखान्याआधी मिसळ खाऊ म्हटलं, तर तर्री उष्ण! मला दहीपाव मिळाला. आईंनी स्वतः मात्र दोनदा तर्री मागून घेतली.

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "या गोळीवर असलेल्या आयांची काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी असतात, कुणाला श्वासाचा, दूध ओढायचा त्रास होतो. म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं. बाकीचे धोके बहुतेक लहान आहेत आणि प्रत्येक गोळीचे वेगळे. पण मनाने एकदम बंद करू नका. आजार उलटला तर तोही आईला आणि बाळाला बाधतो."

"मंग हळूहळू करा ना बंद," आई म्हणाल्या.

"तेही करून बघता येतं. पण मागच्या वेळी त्रास किती झाला होता?"

मी पिशवीतून जुनी फाइल काढायला लागले. आईच बोलल्या.

"लय. हिची वेणी मी घालायचे, मॅडम. हात वर करायची ताकद नव्हती पोरीला. जेवली का विचारलं तर नुसती बघत बसायची." पदराने नाक पुसलं. "नाय. तसं परत नको."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"चालू ठेवू," मी म्हणाले.

तुम्हालाही याच कामासाठी जायचं असेल तर जुनी फाइल न्या, आणि मागचे दिवस ज्याने जवळून पाहिलेत असं माणूस न्या. भीती संपूनच परत याल, अशी खात्री मी देत नाही. माझी माझ्याबरोबर बसमधून परत आली, थोडी बारीक होऊन.

संध्याकाळी घरी पोचलो तर नवरा दारातच उभा. "काय म्हणाल्या डॉक्टर? बाळाला काही होणार नाही ना?"

"बाळाचं काय विचारतो?" आई चपला काढता काढता कडाडल्या. "आधी बाळाच्या आईला विचार, तू कशी हायेस म्हणून!"

दोन रेघा दिसल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.